डेरेक पार्फिट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा पार्फिट नक्की कोण?

ब्रिटिश तत्त्वज्ञ. जन्म ११ डिसेंबर १९४२, चीनमधल्या चेंगडूला. आईवडील दोघंही डॉक्टर, तिकडच्या मिशनरी हॉस्पिटल्समध्ये शिकवायला गेले होते. डेरेक वर्षभराचा व्हायच्या आसपासच कुटुंब इंग्लंडला परतलं आणि ऑक्सफर्डला स्थायिक झालं, पुढचं जवळपास सगळं आयुष्य त्याच गावात गेलं. २०१७ उजाडता उजाडता, जानेवारीच्या अगदी सुरुवातीला, लंडनमध्ये तो गेला.

पुस्तकं म्हणाल तर दोनच. १९८४ चं 'रीझन्स अँड पर्सन्स' आणि २०११ चं 'ऑन व्हॉट मॅटर्स', ज्याचे दोन जाडजूड खंड एकदम आले आणि तिसरा तो गेल्यावर २०१७ मध्ये आला. पन्नास वर्षं पूर्णवेळ विचार करून दोन पुस्तकं, पण नीतिशास्त्रात आज असे कितीतरी वाद आहेत जे ८४ च्या आधी कुणी नीट मांडलेलेसुद्धा नव्हते. २०१४ साली त्याला रोल्फ शॉक प्राइझ मिळालं, तत्त्वज्ञानातला फार मोठा मान आहे तो.

त्याच्याकडे फिलॉसॉफीची डिग्रीच नव्हती म्हणतात, खरं का?

हो, खरं आहे. ईटनला शाळा, मग ऑक्सफर्डच्या बेलिअल कॉलेजात इतिहास. तरुणपणी कविता करायचा. इतिहासात डिग्री घेऊन फेलोशिपवर अमेरिकेला गेला, कोलंबिया आणि हार्वर्डला, तिथे फिलॉसॉफीची लेक्चर्स ऐकली आणि हेच करायचं असं ठरवून टाकलं. १९६७ ला ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजची प्राइझ फेलोशिप मिळाली. ऑल सोल्स वेगळंच कॉलेज आहे, तिथे अंडरग्रॅज्युएट विद्यार्थीच नसतात, म्हणजे शिकवण्याचं बंधन जवळपास नाही, फक्त विचार करा आणि लिहा. तिथे तो २०१० पर्यंत राहिला.

पण त्याला काही प्रकाशित करायचं म्हणजे संकट वाटायचं, अजून एक शंका राहिलीय, अजून एक आक्षेप राहिलाय असं चालूच. शेवटी कॉलेजनेच अडवलं, १९८१ ला वरची फेलोशिप मागितली तर नाही म्हणाले, आधी पुस्तक दाखव. म्हणून 'रीझन्स अँड पर्सन्स' धावतपळत पूर्ण झालं. मला नेहमी वाटतं की ती अट नसती तर हे पुस्तक कदाचित आपल्या हातात आलंच नसतं, हस्तलिखिताच्या झेरॉक्स मित्रांमध्ये फिरत राहिल्या असत्या.

पार्फिटला ॲनालिटिक फिलॉसॉफर म्हणतात, म्हणजे काय? आणि हे लोक सायन्स फिक्शनसारखी उदाहरणं का देतात?

थोडक्यात सांगायचं तर प्रश्न बारीक बारीक तुकड्यांत फोडायचा, प्रत्येक शब्दाचा अर्थ आधी साफ करायचा, आणि मग युक्तिवाद पायरी पायरीने असा मांडायचा की ज्याला पटत नाही त्याला नेमकं कुठल्या पायरीवर बोट ठेवायचं ते कळलं पाहिजे. पार्फिटची भाषा त्यामुळे एकदम साधी असते. छोटी वाक्यं. अलंकार नाहीत.

काल्पनिक उदाहरणांचं कारण असं की रोजच्या आयुष्यात बऱ्याच गोष्टी चिकटून एकत्रच येतात. माझं शरीर, माझा मेंदू, माझ्या आठवणी, माझा स्वभाव, हे सगळं कायम एकाच ठिकाणी सापडतं, मग यातलं 'मी' ठरवणारं नक्की कुठलं हे कळणार कसं? म्हणून कल्पनेत ते सुटं करून बघायचं. घडू शकेल का नाही हा मुद्दाच नाही, आपल्या मनात आधीपासून काय समजूत बसलीय ती उघडी पाडायची असते.

तो टेलिट्रान्सपोर्टरचा किस्सा काय आहे?

हा नीट सांगतो, कारण बहुतेक लोक इथूनच पार्फिटमध्ये अडकतात, मीसुद्धा.

तुम्हाला मंगळावर जायचंय. पृथ्वीवर एका केबिनमध्ये शिरायचं, हिरवं बटण दाबायचं. स्कॅनर तुमच्या शरीरातल्या एकूणएक पेशीची नोंद घेतो आणि त्याच वेळी ते शरीर आणि मेंदू नष्ट करतो. ती माहिती प्रकाशाच्या वेगाने मंगळावर जाते आणि तिथलं मशीन नव्या पदार्थातून हुबेहूब तसंच शरीर तयार करतं. तुम्ही डोळे उघडता, सगळं जागच्या जागी. पार्फिट इथे एक फार बारकी गोष्ट लिहितो, सकाळी दाढी करताना वरच्या ओठावर कापलेलं असतं, तो कापलेला ओरखडासुद्धा तसाच असतो. ही ओळ वाचली की एकदम वाटतं, हो, हा मीच, प्रवास झाला.

मग पुढचा भाग. काही वर्षं असा प्रवास केल्यावर एकदा बटण दाबता आणि केबिनमधून बाहेर येता तर पृथ्वीवरच. बिघाड झाला असं वाटतं, पण नाही, नवीन स्कॅनर आलाय जो शरीर नष्ट न करता नोंद घेतो. तासाभराने मंगळावरच्या स्वतःशी बोलता पण येईल म्हणतात. पण थोड्या वेळाने तिथला डॉक्टर बाजूला घेऊन सांगतो की नव्या स्कॅनरने तुमच्या हृदयाला इजा केलीय, काही दिवसांत हार्ट बंद पडणार. आणि पलीकडून मंगळावरचा 'तुम्ही' स्क्रीनवर धीर देतोय, काळजी करू नकोस, तुझ्या बायकोवर मी प्रेम करेन, मुलांना मी सांभाळेन, तू लिहायला घेतलेलं पुस्तक मी पूर्ण करेन.

आता काय वाटतं? बहुतेकांना धडकी भरते. तो कोणीतरी दुसराच आहे, मी इथे मरतोय. पण थांबा, पहिल्या वेळी आणि दुसऱ्या वेळी मंगळावर जे घडलं ते अगदी सेम टु सेम होतं! फरक एवढाच की पहिल्या वेळी इकडचं शरीर लगेच गेलं आणि आता चार दिवस उशिरा जाणार. मग पहिला 'प्रवास' आणि दुसरा 'मृत्यू' कसा?

पार्फिटचं उत्तर मात्र अनपेक्षित आहे. दोन्ही वेळी तुम्ही मेलात असं तो म्हणत नाही आणि दोन्ही वेळी वाचलात असंही नाही. तो म्हणतो, मंगळावरच्या माणसाशी तुमचं मनाच्या पातळीवर पूर्ण सातत्य आहे, शरीराचं नाही, आणि एवढं कळलं की जे कळण्यासारखं आहे ते सगळं कळलं. 'पण तो खरंच मी आहे का' असा वेगळा, वरचा प्रश्न उरतच नाही.

हे पटत नाही. मी आहे किंवा नाही, मध्ये काहीतरी कसं असेल?

हाच आक्षेप सगळ्यांचा असतो आणि पार्फिटने 'रीझन्स अँड पर्सन्स'चा तिसरा भाग जवळजवळ याच्याचसाठी लिहिलाय. दोन उदाहरणं देतो.

एक, मेंदूच्या वाटणीचं. आपल्या मेंदूचे दोन अर्धगोल, आणि एका अर्धगोलावरही माणूस जगू शकतो. मेंदूचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ रॉजर स्पेरी, त्याने ज्या पेशंट्सवर प्रयोग केले त्यांच्या दोन अर्धगोलांना जोडणारा दुवा कापलेला होता आणि काही चाचण्यांमध्ये ते असे वागले की जणू एका डोक्यात जाणिवेचे दोन वेगळे प्रवाह चाललेत. स्पेरीला त्या कामासाठी १९८१ चं नोबेल मिळालं. पार्फिट याच्या पुढे जातो. समजा आम्ही तिघं एकसारखे भाऊ, अपघातात माझं शरीर गेलं आणि त्या दोघांचे मेंदू गेले. माझ्या मेंदूचा एक अर्धा एका भावाच्या शरीरात, दुसरा अर्धा दुसऱ्याच्या. दोघंही शुद्धीवर येतात, दोघांनाही माझं लहानपण आठवतं, दोघंही म्हणतात मीच तो.

मी यातला कोण? पहिला म्हणावं तर दुसऱ्यात काय कमी आहे, दोघंही म्हणावं तर मग ते दोघं वेगवेगळ्या खोल्यांत बसून एकमेकांशी भांडूही शकतात, एकच माणूस कसा? कोणीच नाही म्हणावं तर त्याहून विचित्र, कारण फक्त एकच अर्धा रुजला असता तर आपण बिनधास्त म्हणालो असतो की वाचला बुवा. एक यश म्हणजे जगणं आणि दोन यशं म्हणजे मरण? असं कसं होईल. म्हणून तो म्हणतो की 'तो मीच का' हे मोजमापच चुकीचं आहे. जगून राहण्यात आपल्याला जे हवं असतं, म्हणजे आठवणी, इच्छा, स्वभाव, मनातले बेत पुढे चालू राहणं, ते इथे दोनदा मिळालंय. या धाग्याला त्याने रिलेशन आर असं साधं नाव दिलं.

दुसरं उदाहरण क्रमाचं. समजा एक सर्जन माझ्या काही पेशी बदलून तिथे सिनेनटी ग्रेटा गार्बोच्या पेशींसारख्या पेशी बसवतो. एक टक्का बदलल्या तर मी मीच. शंभर टक्के बदलल्या तर ती गार्बोच. मधे कुठेतरी अशी एक पेशी असेल का की जिच्या अलीकडे मी आणि पलीकडे मी नाही? अशी रेषा असेल हे मानणं फार कठीण जातं. आणि रेषा नसेल तर मधल्या अवस्थांमध्ये 'हा मी का' याला हो-नाही उत्तरच नसतं.

तो देशाचं किंवा क्लबचं उदाहरण देतो. एखादा क्लब बंद पडला, काही वर्षांनी त्याच नावाने, तेच नियम घेऊन काही लोकांनी परत सुरू केला. तोच क्लब का नवा? सगळी माहिती तुमच्यासमोर आहे, आता जे ठरवायचं ते फक्त शब्दाचं आहे. माणसाचंही तसंच.

म्हणजे 'मी' नाहीच असं म्हणायचंय का? हे तर बुद्धाने सांगितलंय!

'मी' नाही असं नाही, माणसं आहेतच, पण शरीर, मेंदू आणि एकमेकांत गुंतलेल्या घटनांपलीकडे वेगळा, अखंड, न तुटणारा असा आत कोणी बसलेला नाही. आणि हो, हे साम्य पार्फिटला स्वतःलाच माहीत होतं. 'रीझन्स अँड पर्सन्स'च्या शेवटी एक परिशिष्टच आहे बुद्धाच्या मतावर, त्यात बौद्ध ग्रंथांतले उतारे दिलेत.

आपल्याला मिलिंद राजा आणि बौद्ध भिक्खू नागसेनाचा संवाद माहीत असतो. राजा रथातून आलेला, नागसेन विचारतो, रथ म्हणजे चाक का? आस का? जू का? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. मग रथ कुठंय? पार्फिटचा क्लब आणि नागसेनाचा रथ शेजारी ठेवले की पटकन लक्षात येतं. पण घाईघाईने 'आपल्याकडे हे सगळं आधीच होतं' असं म्हणून पुस्तक मिटू नका. नागसेनाला पोचायचंय दुःखमुक्तीकडे, आणि पार्फिट त्या विचाराचा हात धरून भलतीकडे जातो, शिक्षा, वचन, म्हातारपणासाठी पैसे साठवणं, अजून न जन्मलेली माणसं. वाट एका ठिकाणी मिळते आणि पुन्हा वेगळी होते, आणि मला तरी त्या वेगळ्या होण्यातच जास्त रस आहे.

याने मरणाची भीती खरंच कमी होते का?

त्याची झाली, असं त्याने लिहिलंय. आधी आयुष्य काचेच्या बोगद्यासारखं वाटायचं, दरवर्षी वेग वाढतोय आणि टोकाला अंधार. मत बदललं तसा बोगदाच राहिला नाही, मोकळ्या हवेत आल्यासारखं झालं. माझ्यात आणि इतरांत अंतर अजूनही आहे, पण ते कमी झालंय, असं तो सांगतो. मी मरेन म्हणजे काय, तर आत्ताच्या या अनुभवांशी एका विशिष्ट पद्धतीने जोडलेले अनुभव पुढे नसतील. पण काही दुवे राहतील, कोणाच्या तरी आठवणीत, मी सांगितलेल्या एखाद्या गोष्टीमुळे कोणी वेगळं वागेल त्यात.

माझे वडील गेले तेव्हा मी हे पान काढून परत वाचलं होतं. दुःख कमी झालं नाही, खोटं कशाला बोलू. पण वडील हिशोबाच्या वहीत सात कसा काढायचे, मधोमध आडवी रेघ देऊन, तसाच मी काढतो हे त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, आणि पार्फिट 'दुवे' म्हणतो ते काय हे तेव्हा मला समजलं.

मग वचन, जबाबदारी, शिक्षा यांचं काय? 'तो मी नव्हतोच' म्हणून कोणीही सुटेल की!

इतकं सोपं नाही, पण प्रश्न बरोबर आहे आणि पार्फिटने तो टाळलेला नाही. धागा कमीजास्त घट्ट असतो हे मान्य केलं तर खूप जुन्या गुन्ह्याबद्दल आता पूर्ण बदललेल्या म्हाताऱ्याला तेवढीच शिक्षा द्यावी का, हा विचार करावाच लागतो.

त्याचं एक उदाहरण माझ्या फार आवडीचं. एकोणिसाव्या शतकातला एक तरुण रशियन उमराव, काही वर्षांनी त्याला वारसाने प्रचंड जमीन मिळणार. आत्ता तो आदर्शवादी आहे, जमीन शेतकऱ्यांना वाटायची ठरवलंय. पण वयाबरोबर आपण बदलू हेही त्याला ठाऊक आहे. म्हणून तो आत्ताच जमीन देऊन टाकण्याचा कागद करतो, आणि अशी तरतूद ठेवतो की तो रद्द करायचा तर फक्त बायकोची संमती लागेल. मग बायकोला सांगतो, मी उद्या तुला कितीही गळ घातली तरी संमती देऊ नकोस, माझे हे आदर्श म्हणजेच मी, ते गेले तर समोर उभा असलेला माणूस मी नसेन. वर्षं जातात आणि मध्यमवयीन नवरा खरंच येऊन म्हणतो, दिलं मी तुला वचनातून मोकळं. आता तिने काय करायचं? ज्याला वचन दिलं तो तरुण तर आता परवानगी द्यायला येऊच शकत नाही. लग्नाला वीस पंचवीस वर्षं झालेल्या कोणालाही हे वाचून दाखवा, विषय लगेच कळतो.

'हॉस्पिटलचं उदाहरण' म्हणून काहीतरी आहे ना?

आहे, छोटं आहे पण चक्रावून टाकतं. तुम्ही हॉस्पिटलच्या बेडवर जागे होता. ऑपरेशन खूप दुखणारं असतं, भूल देता येत नाही, पण नंतर औषध देऊन त्याची आठवण पुसतात. नर्सला विचारलं तर ती म्हणते, दोन पेशंट आहेत, एकाचं काल झालं, दहा तास चाललं, दुसऱ्याचं आज होणार, एक तासाचं. तुम्ही यातले कुठले ते बघून येते.

ती येईपर्यंत मनात काय चालतं? देवा, माझं कालच झालेलं असू दे! म्हणजे आयुष्यात एका तासाऐवजी दहा तास वेदना असू देत असं आपण मागतोय. आपल्याच दुःखाचा आपण सरळ बेरीज वजाबाकी करून विचार करत नाही, ते मागे पडलंय का पुढे आहे यावर सगळं ठरतं. हे बरोबर का चूक यावर पार्फिट पानंच्या पानं लिहितो आणि सरळ निकाल देत नाही, पण अशी भूतभविष्याची ओढ नसलेला माणूस असता तर तो आपल्यापेक्षा सुखात राहिला असता असं त्याला वाटतं.

नॉन आयडेंटिटी प्रॉब्लेम म्हणजे काय? क्लायमेट चेंजच्या चर्चेत सारखं ऐकू येतं.

हा 'रीझन्स अँड पर्सन्स'च्या चौथ्या भागातला, आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हेच.

सुरुवात साध्या गोष्टीपासून. तुमच्या आईवडिलांनी महिनाभर उशिरा मूल होऊ दिलं असतं तर तुम्ही जन्मला असता का? नाही, वेगळं बीज, वेगळं मूल. पार्फिट विचारतो की रेल्वेचा शोध लागलाच नसता तरी मी जन्मलो असतो असं आपल्यातले किती जण म्हणू शकतील? रेल्वेमुळे कोण कुठे गेलं, कोण कोणाला भेटलं, सगळंच बदललं.

आता सरकारचं मोठं धोरण घ्या. आज सगळी साधनसंपत्ती उधळायची असं ठरलं तर पुढची काही दशकं मजेत, पण दोनशे वर्षांनंतरच्या लोकांचे हाल. ते लोक आपल्याला नावं ठेवतील. पण आपण काटकसर केली असती तर नोकऱ्या वेगळ्या, गावं वेगळी, लग्नं वेगळी, आणि इतक्या वर्षांत ते लोक जन्मालाच आले नसते, दुसरेच आले असते. त्यांचं आयुष्य कष्टाचं असलं तरी जगण्यालायक असेल तर आपण नक्की कोणाचं नुकसान केलं? एकाचंही नाव घेता येत नाही.

आणि तरीही ते धोरण चुकीचं आहे, हे पार्फिट ठामपणे म्हणतो. लोक इथे गडबड करतात, त्यांना वाटतं पार्फिट म्हणतोय की पुढच्या पिढ्यांचं देणं लागत नाही. उलट आहे! तो म्हणतो की 'अमक्याचं वाईट झालं म्हणून ते वाईट' हा आपला नेहमीचा नियम इथे पुरत नाही, तर नियम सुधारा, वेगळा पाया शोधा. त्या पायाला त्याने थिअरी एक्स म्हटलं आणि ती आपल्याला सापडली नाही हे पुस्तकातच मोकळेपणाने कबूल केलं.

आणि तो 'रिपग्नंट कन्क्लूजन'?

म्हणजे किळसवाणा निष्कर्ष, त्याच शोधात लागलेली ठेच. अ जग, दहा अब्ज माणसं, सगळी अत्यंत सुखी. आता त्यात आणखी माणसं घाला, जी कमी सुखी पण जगण्यालायक आयुष्य जगतात आणि ज्यांच्यामुळे आधीच्यांना काही त्रास नाही. जग वाईट झालं का? नाही वाटत. मग दोन्ही गटांत सुख सारखं वाटा, सरासरी किंचित वर नेऊन. हे तर चांगलंच झालं. पण मूळच्या दहा अब्जांपेक्षा आता प्रत्येक जण थोडा कमी सुखी आहे. हीच पायरी पुन्हा पुन्हा करत गेलात की शेवटी असं जग येतं जिथे अगणित माणसं आहेत आणि प्रत्येकाचं आयुष्य कसंबसं जगण्याइतपतच आहे, आणि तर्क म्हणतो हे अ पेक्षा चांगलं!

पार्फिटला हे अजिबात मान्य नव्हतं, म्हणून तर नाव असं किळस आल्यासारखं दिलं. पण कुठली पायरी चुकली ते सांगा म्हटलं की पंचाईत होते. आयुष्याच्या अखेरीपर्यंत तो याच्यावर काम करत होता. २०२१ मध्ये एकोणतीस अभ्यासकांनी मिळून एक निबंध लिहिला, की एखाद्या सिद्धांतातून हा निष्कर्ष निघतो एवढ्यावरून तो सिद्धांत बाद करू नका. म्हणजे अजून भिजत घोंगडं आहे.

माझ्या एकट्याने काय फरक पडतो, याला त्याचं काही उत्तर आहे का?

आहे आणि ते मला रोज उपयोगी पडतं. वाळवंटात दहा हजार जखमी माणसं तहानेने तडफडतायत, आणि आपण दहा हजार जण, प्रत्येकाकडे एक पाइंट, म्हणजे साधारण अर्धा लिटर पाणी. सगळं पाणी एका टाकीत ओतायचं आणि ती टाकी सगळ्यांत सारखी वाटायची. मी माझं पाणी ओतलं तर प्रत्येकाला थेंबभर जास्त, कोणाला कळणारसुद्धा नाही. मग ओतू का नको?

याची काळी बाजूही तो दाखवतो. हजार छळ करणारे, हजार बळी. पूर्वी प्रत्येक जण आपापल्या बळीच्या यंत्राचा खटका हजार वेळा फिरवायचा, प्रत्येक वेळी वेदना इतकी किंचित वाढायची की जाणवणार नाही, पण शेवटी असह्य. आता बटण असं आहे की प्रत्येक जण सगळ्या हजार यंत्रांचे खटके एकेकदाच फिरवतो. शेवटी बळींचे हाल तेवढेच, पण प्रत्येक जण म्हणू शकतो की मी तर कोणालाच जाणवेल असं काही केलं नाही. पार्फिट म्हणतो, माझ्या एकट्याच्या कृतीचा परिणाम एवढाच बघणं ही चूक आहे, अशा कृतींचा मिळून जो संच होतो त्याने काय होतं ते बघायचं. धूर, कचरा, पाणी, मतदान, सगळीकडे लावून बघा.

दुसरं पुस्तक कशाबद्दल आहे?

'ऑन व्हॉट मॅटर्स'चं काम २००२ मध्ये अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात दिलेल्या टॅनर लेक्चर्सपासून सुरू झालं आणि कच्चा मसुदा वर्षानुवर्षं लोकांच्या हातात फिरत होता. त्याचा दावा असा की जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या वाटेने जाणारे, परिणामांवरून नियम ठरवणारे आणि सर्वांना मान्य होईल असा करार शोधणारे, हे तिघं एकमेकांचे विरोधक नाहीत, एकाच डोंगरावर वेगवेगळ्या बाजूंनी चढतायत.

आणि याच्या मागे एक तळमळ आहे. नीतीत खरं खोटं असं काही नसतं, फक्त आपापल्या आवडी असतात, हे मत त्याला सहनच व्हायचं नाही. बर्नर्ड विल्यम्स या ब्रिटिश तत्त्वज्ञाला तो फार मानायचा, पण याच मुद्द्यावर दोघांचं कधी जुळलं नाही, आणि विल्यम्स गेल्यानंतरही त्याबद्दल बोलताना पार्फिटच्या डोळ्यांत पाणी यायचं असं ज्यांनी बघितलं त्यांनी सांगितलंय. नीतीत सत्य नसेल तर आपलं आयुष्य वाया गेलं असं तो खरंच मानायचा. मला स्वतःला दुसरं पुस्तक पहिल्याइतकं भिडत नाही, फार ठिकाणी तो आक्षेप बुजवत बसलाय, पण त्या तळमळीबद्दल मनात फार आदर आहे.

माणूस म्हणून कसा होता?

रोज तेच कपडे, पांढरा शर्ट, काळी पँट, लाल टाय, म्हणजे निवडण्यात वेळ जायला नको. इन्स्टंट कॉफी नळाच्या गरम पाण्यात ढवळून घ्यायचा. व्यायामाची सायकल चालवताना समोर पुस्तक. पण दुसऱ्यासाठी वेळेची काटकसर नाही, कुठल्या अनोळखी विद्यार्थ्याने निबंध पाठवला तरी मूळ निबंधापेक्षा लांब अभिप्राय परत यायचा. २०१० मध्ये त्याने जॅनेट रॅडक्लिफ रिचर्ड्सशी लग्न केलं, तीही फिलॉसॉफर, कित्येक वर्षांचं नातं होतं.

आणि फोटो! त्याला मनात चित्र उभं करता यायचं नाही, डोळे मिटले की ओळखीची इमारतसुद्धा दिसायची नाही. वर्षानुवर्षं तो व्हेनिसला आणि सेंट पीटर्सबर्गला जायचा आणि त्याच त्याच इमारतींचे फोटो काढायचा, धुक्यात, पहाटेच्या नाहीतर संध्याकाळच्या उजेडात. परत आल्यावर हजारो पाउंड खर्च करून त्यातल्या तारा, गाड्या, माणसं पुसून घ्यायचा. पुन्हा पुन्हा तेच वाक्य घासणारा माणूस आणि पुन्हा पुन्हा तोच राजवाडा टिपणारा माणूस हे एकच आहेत हे फोटो बघून लगेच पटतं.

टीका काय होते?

मुख्य दोन. एक गट म्हणतो आपण आधी प्राणी आहोत, जिवंत शरीर म्हणजेच मी, मंगळावरची ती निव्वळ कॉपी. दुसरे म्हणतात की इतक्या अशक्य उदाहरणांवर आपल्या मनाला जे वाटतं त्यावर विश्वास का ठेवायचा. दुसरी टीका मला जास्त वजनदार वाटते, पण मेंदूच्या वाटणीपुढे तीही थोडी अडखळते.

वाचायला सुरुवात कुठून करू?

'रीझन्स अँड पर्सन्स' पहिल्या पानापासून नको. पहिला भाग सगळ्यात रुक्ष आहे, बरेच जण तिथेच पुस्तक ठेवून देतात. आधी १९७१ चा 'पर्सनल आयडेंटिटी' हा निबंध वाचा, पंचवीसेक पानं आहेत. मग 'रीझन्स अँड पर्सन्स'चं दहावं प्रकरण उघडा, टेलिट्रान्सपोर्टर तिथेच सुरू होतो, आणि तिसरा भाग सलग संपवा. त्यानंतर चौथा. चौथ्याला मात्र कागद पेन घेऊन बसा, अ आणि ब चे उभे आडवे चौकोन स्वतःच्या हाताने काढल्याशिवाय ते डोक्यात बसत नाहीत.